आ वासलेल्यांची दुभाषी

आमचा ध्वनिशास्त्र विभाग शेवटी वाचला. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चालू, कारण तपासनीस आले त्या सकाळी मलाही ते ठाऊक नव्हतं.

विद्यापीठाचा नवा नियम होता: ज्या विभागाचे पदवीधर समाजाच्या उपयोगी पडत नाहीत, तो बंद. आमचा बंद झाला असता तर मला संख्याशास्त्रात बसवणार होते. तिथे माझे काका शिकवतात. ते घरी जेवतानाही शिकवतात. कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की सरासरी काढतात.

तपासनीसांनी मला वाटाड्या म्हणून सोबत घेतलं आणि आधी एका माजी विद्यार्थ्याला गाठलं. तो रंगांच्या कारखान्यात छटांना नावं ठेवतो.

"म्हणजे टीका करता?"

"नाही साहेब, नावं देतो. 'मातकट' खपत नव्हता. मळकट, तेलकट, पोरकट... 'कट' आलं की माणूस नाक मुरडतो. मी त्याचं 'पिवळसर' केलं. रंगालासुद्धा सर म्हटलं की मान मिळतो."

"यात समाज कुठे आला?" साहेबांनी सुजलेला गाल धरून विचारलं.

उरली आमच्याच विभागाची पदवीधर असलेली माझी चुलतबहीण, म्हणजे काकांचीच मुलगी. ताई दाताच्या दवाखान्यात आ वासलेल्यांची दुभाषी आहे. तोंडात हत्यारं असताना माणसाच्या बोलण्यातले फक्त स्वर बाहेर पडतात. ताई त्यांत व्यंजनं भरून डॉक्टरांना सांगते. काकांच्या मते ही नोकरी नसून आजार आहे.

तिच्या दवाखान्यात पोचल्यावर साहेब खुर्ची बघायला वाकले, तर गाल बघून डॉक्टरांनी त्यांना तिच्यातच बसवलं. तोंड मिटू नये म्हणून जबड्यात रबराचा ठोकळा घातला. साहेबांनी माझ्याकडे एक नजर टाकली.

"आ इआ अं अआ."

मी स्वच्छ ऐकलं होतं: हा विभाग बंद करा.

"हा दिवा बंद करा, म्हणतायत," असं म्हणून ताईने डोळ्यांवरचा दिवा मालवलाच.

अंधारात डॉक्टरांची पक्कड भलत्याच दाढेला लागली.

"ई अए! ई अए!"

"ही नव्हे!" ताई ओरडली. दिवा लागला, आणि किडकी दाढ तेवढी बाहेर आली.

कापूस चावत साहेबांनी शेरा मारला: 'पदवीधर अत्यंत उपयुक्त. विभाग चालू ठेवावा.'

मी ताईला जिन्यात गाठलं. "खरं काय म्हणाले गं ते?"

"दोन्हीचे स्वर सारखेच. ओठ मिटता आले असते तर 'भ' दिसला असता."

"मग दिवाच का?"

"अरे शहाण्या, दिवा माझ्या हाताशी होता. विभाग कुठून बंद करू?"

साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "जीव चालला होता माझा, मला काय आठवतंय!"

पण मला चैन पडेना. शेवटी मी कुलसचिवांकडे अर्ज केला: 'शास्त्रीय शंकेचे निरसन होण्यासाठी तपासनीस महोदयांची काढलेली दाढ पूर्वस्थितीत बसवून, ती पूर्ववत ठणकत असल्याची खातरजमा करून, त्यांना सदर खुर्चीत सदर वाक्य व्यंजनांसह पुन्हा उच्चारण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'