घरटी एक नळी

तिरोड्याच्या अलीकडच्या त्या गावात आशा सेविका अल्का नळ्यांची पेटी घेऊन आली, तेव्हा धान निसवायला लागलं होतं. नागपूरच्या एका संस्थेनं पन्नाशीपुढच्या माणसांसाठी त्या नळ्या पाठवल्या होत्या. झाकणाला काडी होती. काडीनं सकाळच्या संडासाला दोनचार ठिकाणी टोचायचं, काडी नळीत घालायची, झाकण फिरवायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात कळतं आणि आतड्याचा कॅन्सर असला, तर दुखणं सुरू व्हायच्या आधीच सापडू शकतो. पण नळ्या कमी पडल्या, म्हणून अल्कानं घरटी एक वाटली.

आता घरात वस्तू एकच आली की ती कोणाची, हे काय सांगायला पाहिजे? शामकला पंचावन्नची, तिचा नवरा दुलीचंद साठीचा. नियमात दोघंही बसत होते. पण अल्कानं विचारलं नाही, शामकलाच्याही मनात आलं नाही. नळीवर नाव पडलं दुलीचंदचं.

दुलीचंदनं नळी बघताच नाक मुरडलं. "मी का आता गू चिवडत बसू? मले का झालं? जाय घेऊन!"

अल्का तीन खेपा घालून गेली. चौथ्यांदा आली तेव्हा ओसरीवर बसून रडकुंडीला आली. "काकी, साऱ्या गावच्या झाल्या, तुमचीच एक राहिली. उद्या सकाळी पेटी जाऊन राहिली."

शामकलाला तिची दया आली. पस्तीस वर्षं ती नवऱ्याच्या नावानं उपास धरत आली होती. त्याच्या नावचे नवस तिनं अनवाणी चालून फेडले होते. पोट तिचं, पुण्य त्याचं. मग एका नळीचं काय एवढं? सकाळी संडासातून येताना तिनं नळी भरून आणली आणि अल्काच्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. दुलीचंदच्या संडासात रक्त होतं.

शामकला चुलीपुढे बसून ऐकत होती. रक्त कोणाचं हे साऱ्या जगात तिला एकटीला ठाऊक होतं. सांगायचं म्हणून ती उठलीही. पण दुलीचंदचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो अल्कावर ओरडत होता. ती परत चुलीपुढे जाऊन बसली.

दुलीचंदला गोंदियाला नेलं. पोट साफ करायचं औषध पिऊन तो रात्रभर संडासात बसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुर्बीण घालून सगळं आतडं पाहिलं. काही म्हणता काही निघालं नाही. माणूस मरणाच्या दारातून परतल्यासारखा गावात आला आणि घरोघरी पेढे वाटत हिंडला. "नळी खोटी आहे! फोकट मले आतून धुऊन काढलं," असं तो प्रत्येक दारात सांगत होता. शामकला मागून पेढ्यांचा डबा घेऊन चालत होती.

सांगू, धान कापून होऊ दे. सांगू, लेकाचं लग्न होऊ दे. दुखत तर काही नाही. असं म्हणत म्हणत तिनं वर्ष काढलं. भीती मरणाची होतीच. पण 'माझ्या नावानं खोटं केलंस' हे नवऱ्याच्या तोंडून ऐकायची भीती त्याहून मोठी होती. बाईमाणसाची अक्कल अशी चुलीत जाते, आणि घालणारे आपण सगळेच असतो.

पुढच्या आश्विनात अल्का पुन्हा आली. आता नळ्या भरपूर होत्या, माणशी एक. शामकलाचं लुगडं तोवर कमरेवर ठरेनासं झालं होतं. तिनं हात पुसले आणि ती दाराकडे निघाली. या वेळी आपल्या नावानं द्यायची, कोणाला काही सांगायची गरजच नाही! तिला रडू येईल इतका आनंद झाला.

"आमच्या घरी नाई पाहिजे," दुलीचंद दारातूनच बोलला. "जाय. त्या नळीचा तमाशा पाहिला आमी."

अल्कानं त्याच्या खांद्यावरून शामकलाकडे पाहिलं. शामकलानं मान खाली घातली. त्या वर्षी अर्ध्याहून जास्त गावानं नळी घेतली नाही. दुलीचंदचे पेढे सगळ्यांनी खाल्ले होते.

फाल्गुनात शामकलाचं पोट फुगलं, संडास बंद झाली, उलट्या सुरू झाल्या. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ आतड्यातून लिव्हरपर्यंत गेली होती. डॉक्टरांनी वॉर्डातच विचारलं, "आधी कधी तपासणी केली नव्हती का?"

"माझी झाली होती नं, साहेब," दुलीचंद म्हणाला. "रक्त दाखवलं अन् आत काहीच नाई निघालं. ती नळीच खोटी."

"नळी खोटी नव्हती," शामकला खाटेवरून बोलली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. "ते माझं होतं. तुमी देत नव्हते, म्हून मीच भरून देल्ली."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. मग ते पुढच्या खाटेकडे गेले.

दुलीचंद स्टुलावर बसला. "काऊन नाई सांगितलं?" त्यानं विचारलं. "दीड वर्ष, शामकला! काऊन नाई सांगितलं मले?"

"तुमी पेढे वाटून राहिले होते," ती म्हणाली.