पहिल्या पावलाचा हिसका

मी हृदयाचा खरा पारखी बोलतोय. भल्याभल्यांच्या छातीतलं गुपित मी बारा मिनिटांत बाहेर काढतो! थांबा, लगेच उठून उभे राहू नका. मी नुसता चालायचा पट्टा आहे, दवाखान्यातला. माणूस माझ्यावर मैलभर चालला तरी जिथे चढला तिथेच उतरतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मला जोडणाऱ्या मिस्त्रीकडे शेवटी दोन स्क्रू उरले. त्याने इकडेतिकडे पाहिलं, ते खिशात टाकले आणि म्हणाला, "झालं, एकदम पक्कं!" माणसांचं 'एकदम पक्कं' काय असतं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

माझं शिक्षण अर्धवट. लोकांच्या छातीला तारा चिकटवतात, पडद्यावर रेघा उमटतात. त्या वाचायच्या डॉक्टरांनी. मला दोनच गोष्टी कळतात, पावलांचं वजन आणि ठोक्यांचा आकडा. मी हृदयाला दमवायचं आणि दमल्यावर ते कुरकुरतं का, हे डॉक्टरांनी बघायचं. एवढाच आमचा धंदा.

शेजाऱ्यांची मात्र मी यथेच्छ टिंगल करायचो. इको म्हणजे छातीवर गार जेली फासून हृदय कसं हलतंय ते बघत बसणारी चौकस बाई. भिंतीपलीकडे सीटी स्कॅन, मधोमध भोक पडलेलं धूड. ते शिरेत औषध सोडायला लावतं, "श्वास रोखा" म्हणतं आणि हृदयाच्या नळ्यांचे फोटो काढतं. निजून कामं! मी म्हणायचो, इथे या, घाम गाळा, मग बोला.

आणि माझी एक खोड होती. सुरू होताना मी एक हिसका द्यायचो. गरज काही नव्हती, निव्वळ मजा. एक रुबाबदार वकीलसाहेब "आई गं!" म्हणून टेक्निशियनताईंच्या गळ्यातच पडले होते. मी आठवडाभर मनातल्या मनात हसत होतो. ताई बिचाऱ्या मिस्त्रीला फोन करायच्या, तो "उद्या येतो" म्हणायचा.

मग एक शिंपीणकाकू आल्या. वय चौपन्न. बरोबर नवरा.

"जिना चढले की छातीवर कुणी इस्त्री ठेवल्यासारखं होतं," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

"गॅस आहे हो," नवरा म्हणाला.

"ह्यांना सगळा गॅसच दिसतो. घर जळालं तरी म्हणतील, ढेकर दे."

मला बाई आवडल्या. म्हणून हिसकाही खास दिला.

काकू किंचाळल्या आणि त्यांनी समोरचा दांडा जो पकडला, तो पकडलाच. जन्मभर कात्री चालवलेले हात ते! ताई म्हणाल्या, "काकू, हात सैल सोडा."

"सोडते, सोडते."

सोडतात कसल्या! सगळा भार दांड्यावर. माझ्यावर पावलं पडत होती ती निम्म्या वजनाची, जणू बाई चालत नव्हत्या, लोंबकळत होत्या. मला ते कळत होतं. मी काय केलं? हसलो. एरवी जरा काही झालं की चूं चूं करत बंद पडणारा मी, त्या दिवशी शहाण्यासारखा चालत राहिलो.

नऊ मिनिटांत काकूंचे पाय भरून आले. ठोके हवे होते एकशे चाळीसच्या पुढे, झाले एकशे अठरा. बाहेर रांग होती.

"सर, एकशे अठरालाच थांबल्या," ताई म्हणाल्या.

धाकट्या डॉक्टरांच्या कानाला फोन. "रेघा कशा आहेत?"

"स्वच्छ."

"मग झालं की."

कागदावर 'नॉर्मल' उमटलं. नवरा म्हणाला, "बघ, गॅसच!" आणि काकू पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या, नवऱ्याच्या दंडाला धरून. आता सपाट रस्त्यावरही इस्त्री बसत होती. या वेळी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझा कागद पाहिला.

"एकशे अठरा? अहो, ही तपासणी झालीच नाही. 'अपुरी' लिहायचं सोडून नॉर्मल काय लिहिता? पट्टा फक्त विचारतो, हृदय दमल्यावर कुरकुरतं का. दमलंच नाही, तर ते उत्तर काय देणार? सीटी करा. ते नळीच दाखवेल."

धाकटे डॉक्टर खाली बघत होते. मीही बघितलं असतं, पण मी मुळातच खाली.

भिंतीपलीकडून "श्वास रोखा" ऐकू आलं. मला श्वास नाही, तरी मी रोखला. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "मुख्य नळीत दोऱ्याएवढी वाट उरलीय. आजच उघडायला हवी." आणि नवऱ्याचा आवाज, अगदी बारीक: "मी हिला काल कापडाचे गठ्ठे उचलायला लावले हो."

ज्या धुडाला मी आळशी म्हणायचो, त्याने निजल्या निजल्या बाईला वाचवलं. आणि मी? तीन आठवडे ती बाई माझ्या कागदाच्या भरवशावर जिने चढत होती. मला तोंड नाही, पण काळं करायला असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून एकालाही हिसका दिला नाही. हे मोठेपण म्हणून सांगत नाही. चोर चोरी सोडतो त्याचा कुणी सत्कार करत नाही.

आज तीन महिन्यांनी काकू आल्या. नळी उघडली, आता चालायची परवानगी मिळालीय. ताईंनी तारा चिकटवल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "काकू, त्या दिवशी तुमचे हात मी सोडवायला हवे होते. चुकलंच माझं."

"तू काय करणार गं? या मेल्याने हिसकाच असा दिला की मी जीव मुठीत धरला."

माझ्याकडे माफी मागायला शब्द नव्हते, चाल होती. मी इतका अलगद सुरू झालो की काकूंच्या केसालाही कळलं नाही. त्या चालू लागल्या, दोन्ही हात मोकळे. पूर्ण वजन माझ्यावर.

"बघा, कसा शहाण्यासारखा चाललाय!" ताई हसल्या. "आणि गंमत म्हणजे मिस्त्री अजून फिरकलेलाच नाही."

काकूंनी चालता चालता खाली पाहिलं, थेट माझ्याकडे.

"म्हणजे मेल्या, तुला तेव्हाही असं चालता येत होतं?"