टँकमधल्या गौरी

हरिश्चंद्ररावांच्या फिश टँकमध्ये एकही मासा नव्हता. येणारा-जाणारा काचेला नाक लावून मासा शोधायचा आणि शेवटी "असू दे, येतील हळूहळू," असं म्हणून त्यांचं सांत्वन करायचा. पण त्यांना मासे नकोच होते. गिरगाव सोडून मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात राहायला आल्यावर त्यांना पाण्यातल्या झाडांचं खूळ लागलं होतं, आणि तेही सगळ्यांत नखरेल झाडाचं. त्याचं नाव टोनिना. पोपटी, कुरळ्या पानांची ही बया फक्त हलक्या, कमी क्षारांच्या पाण्यात जगते. बोअरचं जड पाणी लागलं की शेंडा काळा पडतो आणि देठ सडतात. दोनदा तसं झालं, तेव्हा चिडून त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आता मेली, तर टँक बंटीला!" दुसऱ्या मजल्यावरच्या बंटीला त्यात मोठा मासा पाळायचा होता. तेव्हापासून तो आजाऱ्याला भेटायला यावं तसा अधूनमधून डोकावून जाई.

तिसऱ्या वेळी हरिश्चंद्ररावांनी आरओ फिल्टरचं पाणी पिंपात साठवून टँक भरला, आणि टोनिना चक्क रुजली. ते लहान मुलासारखे हरखले. त्यांची बायको वासंतीताई त्या झाडाला 'तुमचं गवत' म्हणायच्या, त्याचंही त्यांना काही वाटेनासं झालं.

मग गौरी आल्या. त्यांच्याकडे खड्याच्या गौरी. नदीकाठचे नाहीतर विहिरीजवळचे सात खडे मुक्याने आणायचे, पुजायचे आणि निरोपाच्या दिवशी पाण्यात सोडायचे. बेव्हर्ली पार्कात कुठली नदी आणि कुठली विहीर! वासंतीताईंनी सोसायटीच्या बागेतले नळाजवळचे पांढरेशुभ्र खडे उचलले. "मॅडम, कुछ गिर गया क्या?" असं वॉचमनने दोनदा विचारलं, तरी त्यांनी तोंड उघडलं नाही.

गणपती दीड दिवसाचा, तो आधीच गेला होता. निरोपाच्या दिवशी हरिश्चंद्ररावांना फारच उदार बुद्धी सुचली. "अगं, सात खड्यांसाठी तलावाच्या रांगेत कशाला उभं राहायचं? आपल्या टँकइतकं निर्मळ पाणी अख्ख्या मिरा रोडला नाही!" वासंतीताईंचे गुडघे दुखत होते, त्यांनीही मान डोलावली. टँकसमोर आरती झाली आणि गौरी टोनिनाच्या पायाशी जाऊन बसल्या.

काही दिवसांनी पहिला शेंडा काळा पडला. मग दुसरा. हरिश्चंद्ररावांनी पाणी तपासायचे थेंब टाकून पाहिलं, तर पिंपातलं पाणी हलकं आणि टँकमधलं जड! पाणी बदललं, पुन्हा जड. टँकमधलं शोभेचं लाकूड काढून पाहिलं, तरी जड. आता टँकमध्ये एकच गोष्ट उरली होती, पण देवीवर संशय घ्यायचा तरी कोणत्या तोंडाने?

शेवटी वासंतीताई भाजीला गेल्याचं पाहून त्यांनी एक खडा काढला, ओट्यावर ठेवला आणि त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे उठले. संगमरवर! टँकमधल्या आंबटसर पाण्यात तो विरघळत होता आणि पाणी जड करत होता.

"अहो! गौरीवर लिंबू पिळताय?"

वासंतीताई पिशवीसकट दारात उभ्या होत्या. हरिश्चंद्ररावांनी कसंबसं सगळं सांगितलं. वासंतीताईंनी फेसाळलेला खडा पाहिला, मग टँकमधली उरलेली एकुलती एक काडी पाहिली, आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

"आपलंच चुकलं," त्या म्हणाल्या. "माहेरवाशीण ती. तीन दिवस राहते आणि सासरी जाते. आपण तिला दसरा उलटला तरी घरात कोंडून ठेवली. जीव आंबणार नाही तर काय?"

हरिश्चंद्ररावांना खरं तर रसायनशास्त्र समजावून सांगायचं होतं. पण निकाल आपल्या बाजूने लागत असताना वकिली करू नये, एवढी अक्कल त्यांना संसाराने दिली होती.

दुसऱ्या दिवशी दहीभाताची शिदोरी घेऊन दोघं स्कूटरवरून जवळच्याच पालीच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. वासंतीताईंनी एकेक खडा लाटेत सोडला. "सांभाळून जा गं," त्या म्हणाल्या, आणि हरिश्चंद्ररावांनी गुपचूप चष्मा पुसला.

घरी येऊन त्यांनी टँक पुन्हा हलक्या पाण्याने भरला. ती एकटी काडी बरेच दिवस तशीच उभी राहिली. दिवाळीच्या फराळात त्यांचं लक्ष नव्हतं. मग एका सकाळी काळ्या शेंड्याच्या बगलेतून पोपटी ठिपका बाहेर आला. "वासंती!" ते इतक्या जोरात ओरडले की शेजाऱ्यांनी दार उघडलं. मार्गशीर्षात काडीला फांद्या फुटल्या, त्या छाटून लावल्या, त्याही रुजल्या, आणि बघता बघता टँकभर पोपटी कुरळ्या बटा डोलू लागल्या. वासंतीताई आता दुपारची डुलकी सोडून तिथेच स्टूल टाकून बसत.

बंटी आला, तेव्हाही त्या तिथेच होत्या. "काका, टँक कब ले जाऊं?" त्याने विचारलं. हरिश्चंद्ररावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वासंतीताई मध्येच उठून टँकला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ये लडकी किधर नहीं जाएगी, बंटी," त्या म्हणाल्या. "ये मायके में ही रहेगी."

बंटीला काहीच कळलं नाही. हरिश्चंद्ररावांना सगळं कळलं, आणि ते तिघांसाठी चहा टाकायला उठले.