बिलात नसलेलं दार

खर्च अधिकाऱ्यांनी सातव्या बाबीवर पट्टी धरली, लाल पेनाने एक सरळ रेघ ओढून ती बाब खोडली आणि पट्टी एक ओळ खाली सरकवली.

सुताराने मनातल्या मनात दाद दिली. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची होती. पट्टी मधोमध नाही, दोन्ही टोकांना दाबून धरली होती. असा हात शिकवून येत नाही, त्याला वर्षं घालवावी लागतात. इमारतीत या अधिकाऱ्यांना सगळे ‘कात्री’ म्हणत. खाली पास देणाऱ्या बाईने विचारलं होतं, “कात्रीकडे? मग पाणी पिऊन जा.”

टेबलाच्या एका बाजूला वकीलबाई होत्या, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीचा माणूस. अधिकाऱ्यांच्या समोर सुतार आणि त्याची बायको. भरपाईचा निकाल मागच्या महिन्यातच लागला होता. फर्निचरच्या कारखान्यातल्या करवतीने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, त्याचे पैसे मंजूर झाले, बँकेत आलेही. आज राहिलं होतं फक्त वकीलबाईंचं बिल. ते विमा कंपनीने भरायचं, फीच्या सरकारी तक्त्याप्रमाणे भरायचं, आणि तक्ता लावायचा या अधिकाऱ्यांनी. कामगाराकडून वकिलाने काही घ्यायचं नाही, असा कायदाच होता.

“म्हणजे आपण काहीच द्यायचं नाही?” बायकोने घरी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा त्याने विषय बदलला होता.

*बाब ७. सुट्टीच्या दिवशी कामगाराच्या घरी भेट. अडीच तास.*
*अमान्य. तक्त्यात पहिली भेट एकच, आणि ती कार्यालयात.*

त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. वकीलबाई चार मजले चढून आल्या, स्वयंपाकघरात बायकोबरोबर बसून मटार सोलले, तिच्याकडूनच सगळी हकिगत लिहून घेतली. अडीच तासांत तो त्यांच्याशी एकच वाक्य बोलला होता. “जाताना दार ओढून घ्या.”

*बाब ९. साक्षीदाराचा शोध. अकरा तास.*
*अर्धा तास मान्य.*

“अकरा तास?” विमा कंपनीचा माणूस गोड हसला. “साक्षीदार शोधत होता की खजिना?”

“करवतीवरचं झाकण कोणाच्या सांगण्यावरून काढलं, ते पाहिलेला एकच मदतनीस होता,” वकीलबाई म्हणाल्या. “तो गाव सोडून गेला होता.”

“मग?”

“मग मीही गेले. दोनदा. पहिल्यांदा त्याच्या सासूने हाकललं.”

हे सुताराला माहीत नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

*बाब १२. वैद्यकीय अहवालाचे वाचन. वीस मिनिटे.*
*मान्य.*

*बाब १३. कारखान्यास भेट. प्रवेश नाकारला.*
*अमान्य.*

*बाब १४. कारखान्यास भेट. प्रवेश नाकारला.*
*अमान्य.*

*बाब १५. कारखान्यास भेट. यंत्राची पाहणी.*
*मान्य.*

“तिसऱ्यांदा आत सोडलं, म्हणून पहिले दोन हेलपाटे फुकट?” सुतार म्हणाला.

त्याला बोलायचा अधिकार आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसावं. सगळे अधिकाऱ्यांकडे बघू लागले. अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं.

“मी या खुर्चीत आलो त्या वर्षी तक्ता नव्हता,” ते म्हणाले. “वकील म्हणेल ती फी. एका माणसाचा गुडघ्यापासून पाय गेला. त्या पायावर वकिलाच्या घराचा वरचा मजला चढला. तो माणूस कुबड्या घेऊन इथे आला होता, विचारायला, की आता माझं किती उरलं.”

“या तशा नाहीत,” सुतार म्हणाला.

“माहीत आहे. पण तक्त्याला तोंडं ओळखता येत नाहीत.” त्यांनी टोपण काढलं. “आणि ते बरंच आहे.”

प्रत्येक रेघेला वकीलबाई आपल्या प्रतीवर पेन्सिलने बारीकशी खूण करत होत्या, वाणसामानाची यादी तपासावी तशी. जवळजवळ अर्धं बिल लाल झालं. सुताराचं लक्ष खोडलेल्या ओळींवरच होतं. आपल्यासाठी कोण कुठे कुठे जाऊन आलं, कोणाच्या दारातून परत फिरलं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं, आणि तेही खोडलेलं वाचून.

शेवटी अधिकाऱ्यांनी एक वेगळा कागद काढला.

“दोघांच्या सह्या. वकिलाने कामगाराकडून काहीही घेतलेलं नाही, कामगाराने वकिलाला काहीही दिलेलं नाही. पैसा, वस्तू, सेवा, काहीही.”

वकीलबाईंनी पटकन सही करून कागद सुताराकडे सरकवला. त्याने वाचलं. *मी माझ्या वकिलास काहीही दिलेले नाही.* पुन्हा वाचलं. सकाळपासून या टेबलावर जे जे ऐकलं, त्याच्या खाली हे वाक्य. असं वाक्य एखाद्याच्या वैऱ्याने त्याच्याबद्दल लिहावं.

“काहीच नाही कसं?” तो म्हणाला.

बायकोने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. “अहो, करा सही.”

“करतो ना. पण हे खोटं आहे. मी दार दिलंय.”

“कसलं दार?” वकीलबाईंनी विचारलं.

“तुमचंच. ऑफिसचं. फुगून चौकटीला घासायचं ते. तुम्ही रोज खांद्याने ढकलायचात. मला बघवेना. सुट्टीच्या दिवशी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून किल्ली घेतली, बिजागऱ्यांवरून उतरवलं, कड रंध्याने तासली, परत बसवलं.”

वकीलबाईंचं तोंड उघडंच राहिलं. “ते घरमालकाने नाही केलं?”

“घरमालक? तो कशाला करतोय!”

“मी त्यांना आभाराची चिठ्ठी पाठवली! आणि ते म्हणाले, त्यात काय, आमचं कर्तव्यच आहे.”

पास देणारी बाई असती तर हसली असती. इथे कोणी हसलं नाही. विमा कंपनीच्या माणसाने खुर्ची पुढे ओढली.

“सेवा,” तो म्हणाला. “नियम नऊ. कामगाराकडून सेवा घेतली. म्हणजे सगळं बिल रद्द, आणि वकिलाचं नाव वर्षभर यादीबाहेर. मी नाही म्हणत, नियम म्हणतो.”

“कुठल्या यादीबाहेर?” सुताराने विचारलं.

“अशा दाव्यांचे वकील ज्या यादीत असतात, तिच्या,” अधिकारी म्हणाले.

कारखान्यातल्या आणखी चौघांचे कागद वकीलबाईंच्या कपाटात होते. सुतारानेच पाठवलं होतं त्यांना. *जा, बाई देवमाणूस आहे, एक पैसा घेत नाही,* असं सांगून.

“यांना ठाऊकच नव्हतं हो,” तो म्हणाला. “मीच गुपचूप केलं. विचारलं असतं तर करू दिलं नसतं.”

“बोटांऐवजी जीभ गेली असती तर संसार सुखाचा झाला असता,” बायको पुटपुटली.

“शिवाय,” विमा कंपनीचा माणूस म्हणाला, “दार रंधता येतंय म्हणजे हातही चालतोय. ते वेगळंच.”

“भरपाई बोटांची दिली आहे,” अधिकारी त्याच्याकडे न बघता म्हणाले. “दार लागायला लागलं म्हणून बोटं उगवत नाहीत. तो निकाल झाला, तिकडे जाऊ नका.”

त्यांनी खणातून नियमांचं पुस्तक काढलं. पुठ्ठा निघून आला होता, तो चिकटपट्टीने धरून ठेवला होता. बोट ओलं करून ते पानं उलटत राहिले. मध्येच थांबून एक पान वाचलं, मान हलवली, पुढे गेले. वकीलबाई सरळ बसल्या होत्या. आपण केलेल्या सहीकडे त्या बघत होत्या, ती मागे घेता येते का, असा विचार करत असाव्यात.

“नियम अकरा, पोटनियम तीन,” अधिकारी म्हणाले. “*ज्या कामाचा वाजवी मोबदला दिला आहे, ते काम या नियमांसाठी दिलेली सेवा समजू नये.*”

“पण मोबदला दिलाच नाही!” विमा कंपनीचा माणूस म्हणाला.

“कधीपर्यंत द्यायचा, ते इथे लिहिलेलं नाही.” अधिकाऱ्यांनी पुस्तक त्याच्याकडे फिरवलं. “लिहिलेलं असेल तर दाखवा.”

तो वाचू लागला. बराच वेळ वाचत राहिला.

“तुमचं काम काय होतं, सुतारकाम,” अधिकारी सुताराला म्हणाले. “दाराची मजुरी सांगा.”

“अहो, मी ते पैशासाठी नाही—”

“ते मला ऐकायचं नाही. मजुरी सांगा.”

दोन वर्षांत सुताराला पैसे मिळाले होते ते बोटं नसल्याचे. निकाल लागेपर्यंत महिन्याच्या महिन्याला भत्ता, फॉर्म भरून. काय केलं म्हणून किती झाले, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आता आकडा अगदी तोंडाशी आला होता. मजुरी घेतली तर दिलेलं दार जातं. नाही घेतली तर बाई यादीबाहेर जातात.

“किती वेळ लागला?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“सकाळी आठला सुरू केलं. दार बसलं तेव्हा चार वाजून गेले होते.”

“अख्खा दिवस,” बायको लगेच म्हणाली. “जेवलेही नाहीत त्या दिवशी. अख्ख्या दिवसाची लिहा.”

“पूर्वी किती लागला असता?”

“दोन हातांनी? अर्धा तास.”

“मग अर्धाच तास धरायला हवा,” विमा कंपनीचा माणूस पुस्तकातून वर बघत म्हणाला. “बाजारभाव म्हणजे बाजारभाव.”

वकीलबाई एकदम म्हणाल्या, “दिवसाचीच होईल. त्यांनी दिवसभर काम केलंय. मी दिवसाचीच देणार.”

सुताराने त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या लाल बिलाकडे. अकरा तास आणि त्यातला मान्य झालेला अर्धा. त्याने डावा हात टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी रंध्याने उठवलेला फोड आता कडक झाला होता.

“नाही,” तो म्हणाला. “दाराला लागतो अर्धाच तास. बाकीचा वेळ हा हात शिकत होता. त्याच्या शिकण्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून कसे घ्यायचे? तीन ढलप्या नीट निघायच्या, चौथीला रंधा उडायचा. ते माझं माझ्यापाशी. अर्धा तास लिहा.”

बायकोने कपाळावर हात मारला.

“अर्धा तास,” अधिकारी लिहू लागले.

“थांबा. दर मात्र मिस्त्रीचा. शिकाऊ उमेदवाराचा नाही.”

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. “काम बघून आलंय असं कोणी आहे का इथे?”

“मी रोज बघते,” वकीलबाई म्हणाल्या. “एका बोटाने उघडतं.”

म्हणून झाल्यावर त्यांनी ओठ चावला. पण सुतार मान डोलवत होता, दाराबद्दल दुसरं काही म्हणण्यासारखंच नाही अशी.

“मिस्त्रीचा,” अधिकाऱ्यांनी लिहिलं.

सुताराने तासाचा दर सांगितला. विमा कंपनीचा माणूस म्हणाला, बाजारात याहून कमीत मिळतो. सुतार म्हणाला, मिळतो, पण मग दारही तसंच मिळतं. वकीलबाईंनी पर्स उघडली. नोटा निघाल्या, सुटे निघेनात. त्यांनी विमा कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. त्याने नकळत खिशात हात घातला.

“अजिबात नाही,” अधिकारी ओरडले. “यांच्याकडून तुम्ही काही घेतलंत तर त्याचा वेगळा कागद करावा लागेल!”

शेवटी बायकोने मोठी नोट घेतली आणि आपल्या रुमालातून उरलेले पैसे मोजून वकीलबाईंना परत दिले. तेवढी फेड तिला जमली म्हणून असेल, ती जरा खुलली. सुताराने पावती लिहिली. डाव्या हाताचं अक्षर मोठं, पहिलीतल्या मुलासारखं, पण ओळ सरळ. *दाराची कड रंधून दार बसवून दिल्याबद्दल.* अधिकाऱ्यांनी ती बिलाला टाचली आणि बिलाच्या तळाशी, छापील ओळी संपल्या होत्या तिथे, निळ्या पेनाने भर घातली.

*बाब २३. दार. अर्धा तास, मिस्त्रीच्या दराने. वकिलाकडून कामगारास. मान्य.*

मग त्यांनी तो दुसरा कागद पुन्हा सुतारापुढे ठेवला. “आता वाचा. खरं आहे?”

*मी माझ्या वकिलास काहीही दिलेले नाही.*

सुताराने पूर्ण वाचलं, छपाईचा नंबरसुद्धा. वकीलबाई खिडकीबाहेर, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या. बायको रुमालाची गाठ बांधत होती. दार गेलं होतं, पैसे आले होते, आणि बाईंच्या अकरा तासांपुढे आता त्याच्याकडून एक ओळही उरली नव्हती.

“कागदापुरतं खरं आहे,” तो म्हणाला, आणि सही केली.