छत्तीस पॉइंट पाच

दिलसराने दातांनी पेनचं टोपण काढलं आणि पाळणाघराच्या वहीत आजच्या तारखेपुढे ३६.५ लिहिलं. सुप्रिना एकाच पायात मोजा घालून पेंगत होती. थर्मामीटर घरात नव्हताच.

"कधीतरी सहा लिही की," चहा ओतताना खिमलाल म्हणाला. "पोरगी आहे का फ्रिज?"

"नमुन्याच्या पानावर छापलंय तेच लिही, असं कोण म्हणालं होतं?"

नेपाळात पाल्पाला, माहेरी, आई कपाळाला हात लावायची आणि तिला कळायचं. इथे जपानात पाळणाघराला रोज आकडा लागे. तो साडेसदतीसच्या वर गेला की मूल घरी. आणि मूल घरी म्हणजे डब्यांच्या कारखान्यातली पाळी बुडाली. मुकादमाने दोनदा समज दिली होती.

दहा वाजता कारखान्यात पाळणाघराचा फोन आला. ती पोचली तेव्हा तिथल्या होरिउची बाई सुप्रिनाला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. पोरगी कान धरून मुसमुसत होती.

"सुप्रिनाच्या आई, अडतीस भरलाय. दवाखान्यात न्या. आणि वही न्या हं, डॉक्टरांना दाखवा."

दिलसराने वही घेतली आणि पिशवीच्या तळाशी सारली.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी कानात वाकून पाहिलं. "ताप कधीपासून आहे?"

तिला सांगता येईना. त्यांनी वही उघडली. पानामागून पान, ३६.५ खाली ३६.५.

"मी मोजत नव्हते," ती खाली बघत म्हणाली. "ते सगळं खोटं आहे."

डॉक्टर पानं उलटत शेवटपर्यंत गेले आणि थांबले. तिथे पेन्सिलीने आखलेले दोन रकाने होते, सकाळ आणि दुपार. बारीक, नेटक्या अक्षरात रोजचे दोन्ही आकडे. सुरुवात एप्रिलमध्ये, सुप्रिना पाळणाघरात जायला लागली त्या दिवसापासून.

"चार दिवस दुपारी थोडा थोडा चढतोय," ते म्हणाले. "कानात पू झालाय. वेळेवर आणलंत, औषधाने बरी होईल."

आठवड्याने दिलसरा सुप्रिनाला पुन्हा पाळणाघरात घेऊन गेली, तेव्हा दारातच वाकून उभी राहिली. किती वाकावं हे तिला अजून कळत नसे, म्हणून ती जरा जास्तच वाकली.

"बाई, तुम्हाला एप्रिलपासून ठाऊक होतं?"

"सकाळी तुमची फार घाई असते," होरिउची बाई म्हणाल्या आणि सुप्रिनाचे बूट फडताळात ठेवायला वळल्या.

दुसऱ्या सकाळी दिलसराने नवा थर्मामीटर पोरीच्या काखेत धरला. ३६.५. तिने दुसऱ्या काखेत धरला. ३६.५.

"घ्या!" खिमलाल हसला. "आता कोण विश्वास ठेवणार?"

तिने आकडा लिहिला. मग पुढे, वाकड्यातिकड्या जपानी अक्षरांत, "आज मोजलं."

संध्याकाळी पाळणाघराच्या फाटकाबाहेरच तिने वहीचं शेवटचं पान उघडलं. आजची तारीख होती. दुपारचा आकडा होता. सकाळचा रकाना बाईंनी कोरा सोडला होता.