उजवीकडे जाणारे छर्रे

मित्रांनो, मी एक जुनी छर्ऱ्याची बंदूक आहे. माझ्यात बारूद नाही की धूर नाही. पोटातल्या कमानीने, म्हणजे स्प्रिंगने, दाबलेल्या हवेवर माझा सगळा कारभार चालतो. म्हणून खऱ्या बंदुका मला बहीण मानत नाहीत. मीही कुणाला चटकन मानत नाही. माझ्या लाकडी दस्त्यावर गाल टेकल्याशिवाय नेम धरता येत नाही, आणि गाल टेकला की माणसाची नाडी मला कळते. 'मी काय घाबरतो का?' म्हणणाऱ्याचं काळीज केवढं धडधडतं, ते मी ऐकलेलं आहे. तोंडाच्या शब्दावर विसंबायचं नाही, हे मी तिथंच शिकले.

माझा जन्म विलायतेतला. जंगलखात्याच्या एका साहेबाबरोबर मी इकडे आले. देश स्वतंत्र झाला, साहेबाने सामान बांधलं आणि जाताना मला नागपूरजवळच्या सौंसरच्या पुंडलिकरावांना भेट देऊन गेला. पुंडलिकराव संत्र्याच्या बागेचे मालक आणि संशयाचेही. त्यांनी मला उलटून पालटून पाहिलं. "साहेब फुकट काहून देऊन राहिला? खोट असनच कुठं तरी." खोट सापडली नाही, तेव्हा त्यांना जरा वाईटच वाटलं.

पण नेमबाजीने या माणसाला पार वेडं केलं. पुठ्ठ्यावर कोळशाने गोल काढायचा, मागे सरकीचं पोतं लावायचं, की छर्रा त्यातच रुतून बसतो. मग नळीवरच्या मागच्या पट्टीच्या खाचेत पुढची माशी, म्हणजे टोकावरचा नेमाचा बारीक खुंट, बरोबर मध्यावर आणायची, अर्धा श्वास सोडायचा आणि घोडा इतका हळू ओढायचा की 'फट्' झाल्यावर आपणच दचकावं. सोपं वाटतं ना? करून बघा. छर्रा नळीतून निघायच्या आधीच माणूस मान वर करून 'लागला का?' बघतो, आणि तेवढ्यात तो चुकतो. पण गोलाच्या मधोमध भोक पडतं, तेव्हा भल्याभल्यांचा चेहरा सहा वर्षांच्या पोरासारखा होतो.

या खेळात पुंडलिकरावांचे जोडीदार होते पांढुर्ण्याचे कापूस व्यापारी नत्थूजी. दोघांत बंदूक एकच, मीच. कधी इथे, कधी तिथे. पुंडलिकरावांची मुलगी प्रतिभाही बापाच्या शेजारी बसून नेम धरायला शिकली. तिची नाडी सगळ्यांत शांत. पुढे नत्थूजींच्या श्रीधरशी तिचं लग्न ठरलं आणि ते दोघांनाही मनापासून हवं होतं. हे मला कसं कळलं, ते सांगायला नको. तो घरी आला, की तेवढ्यापुरती तिचीही नाडी धावायची.

मग राज्यांच्या नव्या मांडणीचे दिवस आले. आपण नागपूरसोबत राहणार की तुटणार, यावर चहाच्या टपरीवर लोक एकमेकांकडे नेम धरल्यासारखं एक डोळा मिटून बघू लागले. पुंडलिकराव नागपूरवाले, नत्थूजी म्हणायचे, "बावा, राज्य कोणतं बी असो, कापूस पांढराच राहीन." त्यावर पुंडलिकराव रात्री बायकोला म्हणाले, "हा मानूस आतून तिकडचा झाला."

दसऱ्याच्या आधी मी नत्थूजींकडे होते. दसऱ्याला सकाळी ते श्रीधरला आणि मला घेऊन सौंसरला आले. अंबाबाईंनी, म्हणजे पुंडलिकरावांच्या पत्नीने, माझी शस्त्रपूजा केली. दस्त्यावर, नळीवर, पट्टीवर ओलं हळदकुंकू, वर अक्षता, झेंडूचं फूल. दुपारी अंगणात माणसं जमली आणि दोघांची पैज सुरू झाली.

पहिले पुंडलिकराव. फट्. छर्रा उजवीकडे. दुसरा उजवीकडे. पाचही उजवीकडे, गोलाच्या बाहेर! लोक हसले. पुंडलिकराव लाल झाले.

"नत्थूजी, काय करून आणली हो बंदूक?"

"मी? काही नाही बा. पुसून आणली."

"पट्टी वाकवली तुम्ही! सौंसरात माझं हसं करायले."

"पुंडलिकराव, जीभ सांभाळा. उद्याचे व्याही आहो आपण."

"जो मानूस नेम बिघडवते, त्याच्या घरी मी पोरगी देऊ? नाही जमत!"

नत्थूजी ओट्यावर बसून जोडे घालू लागले. श्रीधर खाली मान घालून उभा राहिला. मी ओरडून सांगणार होते, पण बंदुकीला तोंड असतं, वाचा नसते.

प्रतिभा मात्र पुठ्ठ्यापाशी गेली आणि भोकं बघत उभी राहिली.

"बाबा, इकडे या. हे पाचही एका रुपयाखाली झाकतीन. तुमचा हात चुकला असता तं इकडे तिकडे पांगले असते. हात बरोबर आहे. दिसण्यातच काही तरी आहे."

"म्हणून तं म्हनतो, पट्टी वाकवली!"

तिने मला उचलून खाचेत डोळा लावला. "वाकली नाही, बुजली आहे. डावीकडून कुंकू वाळलं, त्यात अक्षतेचा दाणा चिकटला. राहिलेली फट उजवीकडे सरकली. तुम्ही तिच्याच मध्यात माशी धरून राहिले."

ती पदराचं टोक घेऊन पुसायला गेली, तशा अंबाबाई धावल्या. "अवं पोरी, दसऱ्याची पूजा आजच्या आज पुसतेत का?"

"आई, पूजा राहिली तं सासर जाते. सांग, काय ठेवू?"

प्रतिभाने खाच साफ केली आणि मला नत्थूजींपुढे धरलं. "काकाजी, मारा."

नत्थूजींनी हात मागे घेतले. "मी नाही. मी मारला अन् लागला, तं हे म्हनतीन, मघाशी वाकवली होती, आता सरळ केली. तूच मार."

तिने गाल टेकला. त्या क्षणी तिची नाडी मी ऐकली, मित्रांनो. श्रीधर घरी आल्यावरही ती कधी एवढी धावली नव्हती. प्रतिभा थांबली, अर्धा श्वास सोडला, पुन्हा थांबली. फट्. गोलाच्या बरोबर मध्ये.

पुंडलिकरावांना माफी मागायचा सराव नव्हता. ते खाली वाकले आणि नत्थूजींच्या पायातला एक जोडा ओढून काढू लागले. "जेवून जा."

"जेवतो. पन अशी सून घरी आली, तं आमची खोटं बोलायची सोयच संपली म्हना!"

लग्न लागलं. राज्यही बदललं, माझे छर्रे ज्या नागपूरहून यायचे, ते परराज्यात गेलं. प्रतिभासोबत मी पांढुर्ण्याला आले, आणि तिचे डोळे अधू झाल्यापासून माळ्यावर पडून आहे. कमान ढिली पडली, नळीला गंज चढतो आहे.

म्हणून एवढंच मागणं. मला खाली काढा, नळी पुसा, थेंबभर तेल द्या. पाखरांवर नको, पुठ्ठ्यावर नेम धरा. आणि छर्रा चुकला, की शेजाऱ्याचा चेहरा बघण्याआधी पुठ्ठ्यावरची भोकं बघा. संशय तर मीही घेते, पण आधी खाच पुसून.