शिळेवरची देवी

त्र्यंबकने शिळेवरचं जास्वंदीचं फूल उचलून बाजूला ठेवलं. आईने ते उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं.

"आई, हा छापायचा दगड आहे."

"मला दिसतंय काय आहे ते. आणि हात धुतलेस का तू?"

त्र्यंबक कपाळाला हात लावून ओटीवर बसला. सकाळी स्टेशनातून बैलगाडीने ही शिळा आणताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. मुंबईतला एक चित्रांचा छापखाना मोडीत निघाला होता, तिथून त्याने ती स्वस्तात मिळवली होती. घरी येऊन गोणपाट सोडलं, धूळ पुसली, आणि खालून निघाली देवी! सिंहावर बसलेली, एक हात वर करून आशीर्वाद देणारी. कधीकाळी हिची चित्रं छापली असतील, तीच दगडात मुरून राहिलेली. आणि नेमकी त्याच वेळी आई तुळशीला पाणी घालून आत आली.

"देवी डाव्या हाताने आशीर्वाद देते का रे कुठे?" आई वाकून बघत म्हणाली.

"शिळेवर उलटं असतं. कागदावर छापलं की उजवा होतो."

"मुंबईच्या लोकांचं काही सांगू नये बाई," असं म्हणून तिने निरांजन लावलं.

या दगडासाठी त्र्यंबकने वर्षभर जिवाचा आटापिटा केला होता. कल्याणचं स्वतःचं एक पत्र असावं, महिन्याकाठी निघावं, गावाचं दुखणं गावाला सांगावं, एवढीच त्याची इच्छा. ठाण्याच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छापायचं, तर त्यांचे भाव ऐकूनच तो परत फिरला. शाळेतल्या मुलांकडून हाताने नकला करवून पाहिल्या, तर कार्ट्यांनी पहिली दोन वाक्यं नीट उतरवून पुढे आपापल्या मनाचं लिहिलं. उरला बाजारातला गोपीनाथ. लग्नपत्रिका नि दुकानांच्या पावत्या तो दगडावरून छापायचा.

"माझी एकुलती एक शिळा पंचांगात अडकलीय, मास्तर," तो म्हणाला होता. "तुम्ही तुमची आणा. जुनं घासून काढू, तुमचं अक्षर उतरवू. खिळे नकोत नि जुळारी नको. याहून स्वस्त काही नाही."

पहिल्या अंकात काय लिहायचं, ते गेल्या वर्षीच ठरलं होतं. पटकी आली तेव्हा त्र्यंबकची धाकटी बहीण यमू सकाळी दळत बसली होती आणि दिवेलागणीला नव्हती. तळ्याच्या घाटावर ज्या पायऱ्यांवर गाव पिण्याचं पाणी भरायचं, त्याच पायऱ्यांवर आजाऱ्यांची धुणी आपटली जात होती. त्याने म्युनिसिपालटीत अर्ज दिले. अर्जांचं काय झालं ते म्युनिसिपालटीलाच ठाऊक. आता पुन्हा उन्हाळा चढत होता, तळं खाली जात होतं, आणि दिवा गावाकडे कुणी दगावल्याचं कानावर येत होतं. पत्र निघायचं तर आत्ताच निघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथ शिळा न्यायला आला. ओटीवर पाय ठेवला, आत पाहिलं आणि मुकाट्याने वहाणा काढून हात जोडले.

"अरे, तू पण?" त्र्यंबक ओरडलाच.

"मास्तर, आधी सांगायचंत ना. पूजा झालेली मूर्ती मी घासायची? पोराबाळांचा धनी आहे मी."

"मूर्ती नाही रे बाबा, दगड आहे! तूच म्हणालास ना जुनं घासून काढू म्हणून?"

"तेव्हा हळदकुंकू नव्हतं लागलं."

आठवडाभरात आळीतल्या बायका ओटी भरायला येऊ लागल्या. यंदा पटकी येऊ देऊ नकोस, असं म्हणत देवीपुढे नारळ ठेवायच्या आणि घरी जाताना कळशी घेऊन त्याच घाटावर जायच्या. त्र्यंबकचा नुसता जळफळाट होत होता. शाळेतून आला की वहाणा काढायलासुद्धा जागा नसे.

एका संध्याकाळी त्याचं डोकं फिरलं. पेटीतून त्याने लिहून ठेवलेला मजकूर काढला आणि बायकांच्या मधोमध उभं राहून मोठ्याने वाचायला लागला. आजाऱ्याच्या धुण्यातला विकार पाण्यात कसा उतरतो, पाण्यातून घराघरात कसा जातो, गेल्या वर्षी घाटाजवळच्या कुठल्या आळ्या कशा ओस पडल्या, सगळं. वाचता वाचता त्याचा आवाज चिरकला.

"हे छापायचं होतं मला या दगडावर! समजलं? आता घाला हळदकुंकू!"

बायका एकमेकींकडे बघत उठल्या. ओटी रिकामी झाली. आई मात्र जागची हलली नाही.

"म्हणजे पाण्यातून झालं ते?" तिने विचारलं.

"हो."

"यमू तहान तहान करत होती. मी तिला तांब्यामागून तांब्या पाजला, त्र्यंबक. मीच भरून आणलेलं."

त्र्यंबक तिच्याजवळ खाली बसला. इतकं मोठं लिहिलं, अर्जांवर अर्ज केले, पण घरात आईला हे सांगायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. बायकामाणसांना काय सांगायचं, असंच तो धरून चालला होता.

सकाळी आईने गोपीनाथला बोलावणं धाडलं. शिळेवर अक्षता वाहिल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला.

"गणपती बसवतो तसा उठवतोही," ती म्हणाली. "हिलाही उठवलंय मी. आता पाप असलंच तर माझ्या माथी. घास तू."

गोपीनाथने शिळेवर वाळू टाकली, पाणी शिंपडलं आणि दुसरा दगड गोल गोल फिरवायला लागला. आई शेजारीच बसून होती.

"हळू रे. तोंडावर जोर नको देऊस. लागेल तिला."

गोपीनाथही मनातून घाबरलेलाच होता. त्याने हळूच घासलं.

त्याचा परिणाम पहिला कागद निघाला तेव्हा दिसला. मजकूर सुरेख उठला होता, पण त्याच्या मागून फिकट, धुरकट अशी देवी वर आली होती. सिंह पुसट, चेहरा पुसट. वर केलेला हात मात्र स्पष्ट, नेमका तळ्याच्या मजकुरावर आडवा.

"सत्यानाश!" त्र्यंबक कागद चुरगाळत म्हणाला. "हे पत्र आहे की अंगाऱ्याची पुडी?"

"मुरलेली शाई हो. वरवर घासून जात नाही," गोपीनाथ पुटपुटला. "आता उजवा झाला बघा हात."

पुन्हा घासून, पुन्हा उतरवून छापायचं तर कागदाला पैसे नव्हते आणि हाती दिवसही नव्हते. तेच अंक गावात वाटले. एका वकिलाने व्याकरणाच्या चुका काढून पाठवल्या. एका व्यापाऱ्याने, शेवटचं पान कोरं का, असं विचारलं. तळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एक प्रत त्र्यंबकने खळ लावून घाटाच्या भिंतीवर चिकटवली, आणि कुणी वाचेल अशी आशा तिथेच सोडून घरी आला.

पुढे काही दिवस तो घाटाकडे फिरकलाच नाही. मग एकदा शाळेतून येताना पाय तिकडे वळले. डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन हौसाबाई चालली होती. गावातली निम्मी धुणी तिच्याकडे असत. ती घाटाशी थबकली, भिंतीकडे बघून तिने हात जोडले आणि तळ्याला वळसा घालून खालच्या ओढ्याकडे चालू लागली. घाटाच्या पायऱ्या कोरड्या होत्या. भिंतीवरच्या कागदाला कुंकू लागलं होतं.

"हौसाबाई, वाचलंस का तू ते?"

"वाचता कुनाला येतंय, मास्तर?"

"मग तिकडे का निघालीस?"

"देवीनं हात केलाय न्हवं? नको म्हनते ती. आता कोनच धूत नाय हितं."

त्र्यंबक भिंतीजवळ गेला. त्याची सगळी अक्षरं जागच्या जागी होती, एकेक ओळ रात्रंदिवस घोटलेली. कुंकवाच्या बोटांनी निम्म्या ओळी लाल झाल्या होत्या. त्याला हसू आलं, आणि रडूही आलं. यमू असती तर तिने त्याला चिडवून चिडवून हैराण केलं असतं.

बाजारात गोपीनाथ शिळा पुसून तयार होता.

"दुसऱ्या अंकाला काय, मास्तर?"

"बाजारातली गटारं."

"या खेपेला दाबून घासतो. काही म्हणजे काही उरणार नाही. तुमची अक्षरं कशी लख्ख दिसतील."

गोपीनाथने वाळू पसरली, पाणी शिंपडलं आणि दगड हातात घेतला. त्र्यंबक त्या ओल्या शिळेकडे बघत राहिला.

"घास," तो म्हणाला. आणि गोपीनाथच्या नजरेला नजर न देता, हळूच म्हणाला, "हात तेवढा राहू दे."